इंदूरच्या वॉर्डांचं परिसीमन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशाची जनगणना आणि इंदूर महापालिकेची निवडणूक, दोन्ही २०२७ मध्ये येत आहेत. त्यामुळे “आपला वॉर्ड बदलणार का?” हा प्रश्न रामबागेपासून राजेंद्र नगरपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. ग्रुपवर फिरणारे निरोप बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या बातम्यांवरून उचललेले असतात. तिथला कायदा वेगळा, आपला वेगळा. म्हणून इंदूरच्या मराठी घरांत जे प्रश्न विचारले जातात ते तसेच घेऊन, मध्य प्रदेशच्या कायद्याप्रमाणे त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

परिसीमन झालं म्हणजे नक्की काय बदलतं?

शहराच्या पोटातल्या रेषा. महापालिकेची हद्द तीच ठेवून आतल्या वॉर्डांच्या सीमा सरकवणं, वॉर्डांची संख्या वाढवणं किंवा बाहेरची गावं शहरात घेऊन त्यांचे नवे वॉर्ड पाडणं, हे तिन्ही प्रकार लोक एकाच नावाने ओळखतात. कागदोपत्री मात्र त्यांचे निर्णय वेगवेगळे होतात. हद्दवाढ हा एक निर्णय, वॉर्डांची संख्या हा दुसरा आणि प्रत्येक वॉर्डाची सीमा हा तिसरा. पेपरात बातमी आली की आधी बघावं, ती या तिघांपैकी कशाबद्दल आहे. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

पण रेषा हलवायच्याच कशाला? आहे ते बरं चाललंय.

कारण माणसं हलतात. मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम १९५६ प्रमाणे शहरातल्या सगळ्या वॉर्डांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असावी आणि वॉर्डाचा प्रदेश सलग, आटोपशीर असावा. या दोन अटींवर सगळा खेळ चालतो.

इंदूरची वाढ बघा. १९९१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे १०.९ लाख लोक होते. २००१ मध्ये ते १४.७ लाख झाले आणि २०११ मध्ये १९.६ लाखांच्या आसपास पोचले. म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ ८० टक्के वाढ. आणि ही वाढ सगळीकडे सारखी झालेली नाही. एका वॉर्डात पंधरा हजार माणसं आणि दुसऱ्यात चाळीस हजार असतील, तरी दोन्हीकडून पार्षद (म्हणजे नगरसेवक) एकच निवडून जातो. पार्षद निधी दोघांना सारखाच मिळतो आणि परिषदेत हातही दोघांचा एकेकच वर होतो. चाळीस हजारांच्या वॉर्डातल्या माणसाच्या मताला निम्म्याहून कमी वजन उरतं. तिथला ड्रेनेजचा अर्जही तितक्याच लांब रांगेत उभा राहतो.

इंदूरमध्ये शेवटचा मोठा बदल कधी झाला?

२०१४ मध्ये. तोपर्यंत शहरात ६९ वॉर्ड होते. २०११ च्या लोकसंख्येला ६९ ने भागलं तर वॉर्डामागे २८ हजारांच्या वर माणसं येत होती. त्याच सुमारास निपानिया, कनाडिया, लिंबोदी, तलावली चांदा अशी २९ गावं महापालिकेत आली आणि वॉर्डांची संख्या ८५ झाली. जानेवारी २०१५ अखेरची निवडणूक या ८५ वॉर्डांवर झाली आणि जुलै २०२२ ची निवडणूकही ८५ वरच झाली. भोपाळमध्येही ८५ च वॉर्ड आहेत. कायद्याने वॉर्डांच्या संख्येला किमान आणि कमाल मर्यादा घातल्या आहेत. संख्या ठरवायची असते राज्य शासनाने. महापौरांनी जाहीर केलं म्हणून वॉर्ड वाढत नाहीत.

वॉर्ड आखताना लोकसंख्या कुठली धरतात? मतदारांची?

नाही. मतदारांची संख्या धरत नाहीत, माणसांची धरतात. पाळण्यातलं मूल मोजलं जातं, भाड्याच्या खोलीत राहणारा आणि मतदार यादीत नाव नसलेला विद्यार्थीही मोजला जातो. म्हणून दोन वॉर्डांची मतदारसंख्या वेगळी दिसली की लगेच “घोटाळा” म्हणू नये. भंवरकुआंकडे, जिथे क्लासेस आणि होस्टेलं दाटीने आहेत, तिथे राहणारी माणसं आणि यादीतले मतदार यांत फरक असायचाच.

यातली महत्त्वाची मेख अशी की संविधानाच्या कलम २४३-पी मध्ये ‘लोकसंख्या’ म्हणजे काय हे बांधून दिलेलं आहे. ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत अशी शेवटची जनगणना, तिची लोकसंख्या. आज ती जनगणना आहे २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. त्यामुळे कुणी महापालिकेचं सर्वेक्षण दाखवो, नळजोडण्यांची संख्या दाखवो की समग्र आयडीचे (राज्य शासनाच्या कुटुंबनोंदणीचे) आकडे दाखवो, वॉर्ड आखणीत त्यांना स्थान नाही.

आमच्या टाउनशिपमध्येच हजार फ्लॅट आहेत. २०११ मध्ये इथे सोयाबीनचं शेत होतं. मग आम्ही मोजले जातो की नाही?

नाही. कडू आहे, पण उत्तर हेच आहे.

जनगणनेत शहराचे छोटे छोटे गणना ब्लॉक पाडतात. एका ब्लॉकमध्ये ढोबळमानाने सहाशे ते आठशे माणसं असतात. वॉर्ड आखताना हे ब्लॉक एकमेकांना जोडत जातात आणि बेरीज सरासरीच्या जवळ आली की थांबतात. तुमची टाउनशिप ज्या ब्लॉकमध्ये येते तिथे २०११ मध्ये चार घरं आणि एक विहीर असेल, तर त्या ब्लॉकची लोकसंख्या आजही तेवढीच धरली जाते. वर उभ्या राहिलेल्या बारा मजल्यांना गणितात जागा नाही.

याचा परिणाम शहराच्या कडेला फिरलं की दिसतो. बायपासच्या अलीकडे-पलीकडे, निपानिया-कनाडियाच्या बाजूला, सुपर कॉरिडॉरवर, लिंबोदीकडे. नकाशावर हे वॉर्ड लांबरुंद आहेत, कारण २०११ ची बेरीज पूर्ण करायला पुष्कळ शेतं आत घ्यावी लागली. आता ती शेतं भरली. कागदावर सरासरीचा असलेला वॉर्ड प्रत्यक्षात दुप्पट-अडीचपट झाला, तरी कायद्याच्या नजरेत तो सरासरीचाच राहतो. आपली पुढची पिढी रामबाग आणि नारायण बाग सोडून नेमकी या पट्ट्यात घरं घेते आहे. म्हणून मराठी घरांनी या प्रश्नाकडे ‘राजकारण्यांचं काम’ म्हणून बघू नये, असं माझं मत आहे.

उलट राजवाड्याकडे वॉर्ड मोठे होत चाललेत असं म्हणतात. ते का?

तिथे माणसं कमी होतात म्हणून. सराफा, बर्तन बाजार, शीतलामाता बाजार या भागात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही जुनी रीत होती. आता वरच्या मजल्यावर माल असतो आणि कुटुंब बाहेर कॉलनीत गेलेलं असतं. दिवसा लाखाची गर्दी असली तरी रात्री झोपायला असतात तेवढीच माणसं मोजली जातात. बेरीज भरायची तर शेजारचे मोहल्ले जोडावे लागतात. जुन्या इंदुरातल्या पार्षदांना परिसीमनाची भीती वाटते ती यामुळेच. कडेचे वॉर्ड वाढवायचे तर मधले कुठले तरी एकमेकांत विरघळणार. एकूण संख्या ८५ च राहिली तर दुसरा मार्गच नाही.

नवी जनगणना कधी?

अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. घरयादीचा टप्पा २०२६ मध्ये एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान, राज्यागणिक महिनाभराचा. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आणि संदर्भ क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरतात तो, १ मार्च २०२७ सुरू होतानाची मध्यरात्र. या वेळी नोंदी मोबाइलवर होणार आहेत आणि जातीचीही गणना आहे.

म्हणजे २०२७ ची महापालिका निवडणूक नव्या आकड्यांवर होणार?

तारखा जुळवून बघितल्या तर कठीण दिसतं.

सध्याची परिषद जुलै २०२२ मध्ये निवडून आली. महापालिकेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं असते आणि संविधानाने ती वाढवायला वाव ठेवलेला नाही. म्हणजे निवडणूक २०२७ च्या मध्यात व्हायला हवी. इकडे जनगणनेसाठी जिल्हा, तहसील, गाव, शहर, वॉर्ड या सगळ्यांच्या हद्दी १ जानेवारी २०२६ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत गोठवल्या आहेत. मोजणी चालू असताना पायाखालची रेषा सरकू नये, म्हणून. बंदी उठल्यावर निवडणुकीला हातात राहतात जेमतेम काही महिने. तेवढ्या वेळात वॉर्डांचा प्रस्ताव, हरकती, अंतिम अधिसूचना, आरक्षण आणि मतदार यादी हे सगळं उरकायचं.

आणि आकडे? २०११ ची मोजणी संपल्यावर प्राथमिक बेरजा ३१ मार्च २०११ लाच आल्या होत्या. पण वॉर्ड पातळीपर्यंतचा तपशील देणारी अंतिम सारणी आली एप्रिल २०१३ मध्ये. दोन वर्षं गेली. या वेळी काम डिजिटल आहे, लवकर होईल. तरी एकूण लोकसंख्या जाहीर होणं वेगळं आणि ब्लॉकवार तक्ता कलेक्टर ऑफिसच्या टेबलावर येणं वेगळं. आखणीला दुसरं लागतं. म्हणून २०२७ मध्ये तुम्ही मत द्याल ते बहुधा २०११ च्या माणसांवर आखलेल्या वॉर्डात, सोळा वर्षं जुन्या हिशेबावर. नव्या आकड्यांचं खरं परिसीमन त्यापुढच्या निवडणुकीआधी होण्याची शक्यता जास्त वाटते.

मग जनगणनेचे आकडे येईपर्यंत निवडणूक पुढे ढकलता येणार नाही का?

हा अनुभव इंदूरने घेतलेला आहे. आधीच्या परिषदेची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये संपली आणि निवडणूक झाली जुलै २०२२ मध्ये. मधली दोन वर्षांहून जास्त मुदत प्रशासकाच्या हाती गेली. कोविड हे एक कारण होतंच, पण परिसीमन आणि आरक्षणाचे वादही होते.

अखेर १० मे २०२२ ला सुरेश महाजन विरुद्ध मध्य प्रदेश शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की वॉर्ड आखणीचं काम चालू आहे हे निवडणूक लांबवण्याचं कारण होऊ शकत नाही. ते पूर्ण झालं नसेल तर आधीच्या आखणीवर निवडणूक घ्या. त्याआधी २००६ मध्ये किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या निकालात घटनापीठानेही मुदतीत निवडणूक घेणं हे राज्य निवडणूक आयोगाचं कर्तव्य ठरवलं होतं. माझ्या मते हेच बरोबर आहे. जुन्या रेषांवर निवडून आलेल्या पार्षदाला निदान घरी जाऊन जाब विचारता येतो. प्रशासकाकडे जायचं तर आधी वेळ घ्यावी लागते.

रेषा आखतं कोण? निवडणूक आयोग ना?

सर्वसाधारण समज तोच आहे, पण मध्य प्रदेशात तसं नाही. वॉर्डांची संख्या आणि सीमा राज्य शासन ठरवतं. प्रत्यक्ष प्रस्ताव जिल्ह्यात, कलेक्टरच्या देखरेखीखाली तयार होतो. तो प्रसिद्ध होतो, लोकांच्या हरकती आणि सूचना घेतल्या जातात, त्यावर सुनावणी होते. मग सगळं भोपाळला नगरीय प्रशासन विभागाकडे जातं आणि राजपत्रात अंतिम अधिसूचना निघते. राज्य निवडणूक आयोगाचं काम त्यानंतर सुरू होतं: वॉर्डवार मतदार याद्या आणि निवडणूक.

७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ ला लागू झाली, आयोगाला याद्या आणि निवडणूक एवढंच दिलं. सीमा आखणं राज्याच्या कायद्यावर सोडलं. केरळने त्यासाठी राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळा परिसीमन आयोग ठेवला आहे. आपल्याकडे मात्र ज्यांना निवडणूक लढवायची आहे त्यांच्याच शासनाकडे पेन आहे. पक्ष कुठलाही असो, ही व्यवस्था मला पटत नाही. पण जोवर ती आहे तोवर हरकतींचे ते थोडे दिवस हीच नागरिकाच्या हातातली जागा आहे.

नकाशा प्रसिद्ध झाला तर त्यात काय बघायचं?

वॉर्डाचा नंबर सोडून बाकी सगळं. नंबर बदलला म्हणून लोक हळहळतात, पण त्याने काही बिघडत नाही.

अधिसूचनेत प्रत्येक वॉर्डाची चतुःसीमा शब्दांत लिहिलेली असते: अमुक चौकातून तमुक नाल्यापर्यंत, तिथून रेल्वे लाइनच्या कडेने. हा मजकूर हातात घेऊन एकदा पायी फिरा. नकाशावर सरळ दिसणारी रेषा एखाद्या गल्लीच्या मधून जाते आणि समोरासमोरची घरं दोन वॉर्डांत पडतात. रस्ता मोठा असेल तर ते ठीक आहे. ए. बी. रोड, रिंग रोड, कान्ह आणि सरस्वती या नद्या, रेल्वे रूळ या चांगल्या सीमा आहेत, कारण त्या माणसांचं येणं-जाणं आधीच वेगळं करतात. पण आठ फुटांच्या गल्लीच्या मधोमध सीमा आली की स्ट्रीटलाइटचा खांब कुणाचा, यावर दोन पार्षद वर्षभर वाद घालतील.

मग लोकसंख्येचा तक्ता. ८५ आकडे असतात. त्यांची सरासरी काढा, सर्वात मोठा आणि सर्वात लहान वॉर्ड शोधा. फरक डोळ्यांत भरण्याइतका असेल तर तोच तुमच्या हरकतीचा कणा. शेवटी आकार बघा. मुख्य भागापासून शेपटीसारखी एखादी वस्ती दूरवर नेऊन जोडली असेल, तर ‘सलग आणि आटोपशीर’ ही अट तिथे मोडली आहे.

हरकत लिहायची कशी?

हिंदीत, एका पानात, आकड्यांसह. मुदत दिवसांत मोजण्याइतकीच असते, म्हणून मंडळाची बैठक बोलावून ठराव करत बसलात तर तारीख निघून जाईल. “हमारे मोहल्ले को मत तोड़िए” एवढंच लिहिलेले अर्ज गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यानेच निकाली निघतात. अर्ज मराठी समाजाचा, व्यापाऱ्यांचा की एखाद्या पक्षाचा, याने फारसा फरक पडत नाही. त्यात हिशेब आहे का, याने पडतो.

अर्जात चार गोष्टी हव्यात. प्रस्तावातला वॉर्ड क्रमांक आणि ज्या सीमेबद्दल तक्रार आहे तिचं वर्णन. त्या भागातले गणना ब्लॉक आणि त्यांची लोकसंख्या. कायद्यातली कुठली अट मोडते: लोकसंख्या सारखी नाही, की प्रदेश सलग नाही. आणि सर्वात महत्त्वाचं, पर्याय. समजा, तुमच्या कॉलनीचे तीन ब्लॉक नाल्यापलीकडच्या वॉर्डात टाकले आहेत. तर “हे तीन ब्लॉक, एकूण २१०० लोकसंख्या, मूळ वॉर्डात ठेवा, त्याबदली रेल्वे लाइनलगतचे तीन ब्लॉक तिकडे द्या, दोन्ही वॉर्ड सरासरीजवळ राहतात” असं लिहा. मोती तबेल्यातल्या कलेक्टर ऑफिसात बसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंची बेरीज आयती मिळाली तर बदल करणं सोपं जातं. नुसता विरोध असेल तर त्याला पुन्हा गणित मांडावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याच्याकडेही नसतो.

अर्जाची पावती घ्या. सुनावणीला जा, एकच माणूस बोलू द्या.

लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर इथली मराठी मतं फोडली जातील का?

कायद्यात भाषेचा विचार कुठेच नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग आणि महिला यांच्यासाठी आरक्षण आहे. मराठी, सिंधी, गुजराती अशा वस्तीला वेगळा वॉर्ड मागता येत नाही आणि मागूही नये. ‘आमची मतं एकत्र ठेवा’ हा मुद्दा हरकतीत लिहिलात तर ती कमकुवत होते. तीच वस्ती ‘सलग’ आहे, एकाच रस्त्याला, एकाच पाण्याच्या टाकीला जोडलेली आहे, हा मुद्दा लिहिलात तर तो टिकतो.

शिवाय हिशेब प्रामाणिकपणे केला तर आता कुठल्याच वॉर्डात आपण एकगठ्ठा नाही. सुमित्राताई महाजन इंदुरातून लागोपाठ आठ वेळा लोकसभेत गेल्या. कृष्णमुरारी मोघे थेट निवडणुकीत महापौर झाले. यांतलं काहीही नुसत्या मराठी मतांवर झालेलं नाही.

आरक्षण परिसीमनाआधी ठरतं की नंतर?

नंतर. आधी सीमा, मग प्रत्येक वॉर्डातल्या लोकसंख्येचं प्रमाण, मग आरक्षण. अनुसूचित जाती-जमातींसाठीचे वॉर्ड त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरतात, ओबीसी आणि महिलांसाठी चिठ्ठ्या निघतात. मध्य प्रदेशात निम्मी पदं महिलांसाठी आहेत. ओबीसी आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२२ च्या आदेशात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये या अटीवर परवानगी दिली होती.

यात सीमेचा संबंध असा, की दोन-चार ब्लॉक इकडचे तिकडे झाले की एखाद्या वॉर्डातलं अनुसूचित जातीचं प्रमाण वरखाली होतं आणि राखीव वॉर्ड बदलू शकतो. विद्यमान पार्षद नकाशावर एवढे का वाकलेले असतात, त्याचं कारण इथे आहे. वॉर्ड महिलांसाठी निघाला तर ‘पार्षदपती’ हे पद आपण तयार ठेवलेलंच आहे, ते कुठल्याही अधिसूचनेत नसलं तरी.

महापौराच्या मतदानावर परिणाम होतो?

वॉर्डाच्या सीमेमुळे होत नाही. महापौर सगळ्या शहरातून थेट निवडला जातो. हद्दवाढ झाली तर मात्र मतदार वाढतात.

पुण्याची बहीण म्हणते तिने चार मतं दिली. आम्ही दोनच का?

पुण्यात एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक निवडले जातात, ४१ प्रभागांतून १६५. महापौराची निवड मग हे नगरसेवक करतात. बडोद्यातही १९ वॉर्ड आणि प्रत्येकी चार, असे ७६ सदस्य आहेत. इंदुरात एका वॉर्डातून एकच पार्षद आणि वेगळा थेट महापौर, म्हणून दोन मतं. मुंबईत तर एकच. बहुसदस्यीय पद्धतीत प्रभाग मोठे असतात, त्यामुळे एखादी गल्ली इकडे-तिकडे झाली तर फारसं जाणवत नाही. आपल्या लहान वॉर्डात तेवढ्यानेही निकाल फिरू शकतो. म्हणून पुण्याचे निरोप आणि तिथल्या ‘प्रभाग रचनेच्या’ तारखा इंदूरच्या ग्रुपवर टाकू नयेत, ही विनंती.

मतदार यादीचं विशेष पुनरीक्षण झालं, त्यात माझं नाव आहे. पुन्हा काही करायचं का?

हो, एकदा बघायचं. २०२५ च्या अखेरीस सुरू झालेलं पुनरीक्षण भारत निवडणूक आयोगाचं, म्हणजे विधानसभा आणि लोकसभेच्या यादीचं. महापालिकेची यादी राज्य निवडणूक आयोग त्याच यादीवरून तयार करतो, पण ती वॉर्डांप्रमाणे तोडून नव्याने लावावी लागते. इथेच घोळ होतात. विधानसभेच्या यादीत एका पानावर असलेलं कुटुंब वॉर्डांच्या यादीत दोन ठिकाणी जातं. आई एका बूथवर, मुलगा दुसऱ्या. सीमेवरच्या गल्ल्यांत हे हमखास होतं.

वॉर्डवार यादीचं प्रारूप लागलं की दावे आणि हरकतींसाठी मुदत मिळते. आपलं नाव सापडलं म्हणून तिथेच थांबू नका. वॉर्ड क्रमांक बघा आणि घरातल्या सगळ्यांची नावं बघा. मतदानाच्या दिवशी बूथवर वाद घालून उपयोग नाही.

टाउनशिप बायपासच्या पलीकडे आहे. पत्त्यात इंदूर लिहितो. आमचा वॉर्ड कुठला?

कदाचित कुठलाच नाही. पत्त्यातलं ‘इंदूर’ पोस्टाचं असतं. जमीन ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर तुम्ही पंच-सरपंच निवडता, महापौर नाही. राऊची वेगळी नगर परिषद आहे आणि महूला छावणी मंडळ. बिल्डरच्या ब्रोशरवर विश्वास न ठेवता संपत्तिकराची पावती कोण देतं ते बघा. उत्तर त्यावर छापलेलं असतं.

महानगर क्षेत्र झाल्यावर देवास-उज्जैनही आपल्यात येणार का?

नाही. २०२५ मध्ये विधानसभेने केलेला महानगर क्षेत्राचा कायदा नियोजन आणि विकासासाठी आहे. उज्जैन, देवासच्या महापालिका आपापल्या जागी राहतात. वॉर्डांशी त्याचा संबंध नाही.

विधानसभेचा मतदारसंघही बदलणार?

या प्रक्रियेत नाही. विधानसभेच्या सध्याच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर, २००८ मध्ये लागू झालेल्या आहेत आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत त्या बांधलेल्या आहेत. ते काम केंद्राच्या परिसीमन आयोगाचं, कलेक्टरचं नाही. शहराचे काही वॉर्ड इंदूर १ ते ५ च्या बाहेर, राऊसारख्या मतदारसंघात येतात, त्यामुळे आमदार एक आणि पार्षद भलत्याच बाजूचा, असं चित्र पुढेही दिसेल.

परिसीमन चुकीचं झालं तर कोर्टात जाता येतं?

दार जवळजवळ बंद आहे. संविधानाच्या कलम २४३-झेडजी प्रमाणे वॉर्डांचं परिसीमन आणि जागांचं वाटप यासंबंधीच्या कायद्याची वैधता न्यायालयात प्रश्नांकित करता येत नाही. पण पूर्ण बंद नाही. गुजरातच्या बारडोली विधानसभा मतदारसंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं की परिसीमनाचा आदेश उघडउघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय त्याकडे बघू शकतं. ते प्रकरण विधानसभेचं होतं, तरी विचार उपयोगी आहे. व्यवहारात सांगायचं तर हरकत दिलेलीच नसेल तर वकील तुम्हाला पहिला प्रश्न तोच विचारेल.

संपत्तिकर, आधार, कचरागाडी यांचं काय?

संपत्तिकर ज्या रेट झोनवर ठरतो तो वॉर्डाच्या निवडणूक सीमेवरून ठरत नाही, त्यामुळे नुसता वॉर्ड बदलला म्हणून कर वाढत नाही. आधार, पासपोर्ट, बँक यांना वॉर्डाशी देणंघेणं नाही. कचरागाडी येतच राहील. बदलतात त्या दोनच गोष्टी: पार्षद, आणि कधी कधी झोन ऑफिस.

वॉर्ड बदलला. जुन्या पार्षदाने मंजूर करून आणलेला रस्ता अडकणार का?

वर्क ऑर्डर निघालेली असेल तर काम महापालिकेचं आहे, पार्षदाचं नाही. ते वॉर्डासोबत वाहून जात नाही. नुसतं आश्वासन असेल तर नव्या पार्षदाकडे पुन्हा पहिल्यापासून. झोन ऑफिसमधून मंजुरीचा क्रमांक आणि तारीख आत्ताच लिहून घ्या. इंदूर ३११ ॲपवर तक्रार टाकताना जुना वॉर्ड दिसत राहिला तरी ठिकाण नकाशावर टाकून पाठवा, म्हणजे ती योग्य झोनमध्ये पोचते.